एक धनको, दोन कर्जे

मोटार घेण्यासाठी काढलेले कर्ज आणि क्रेडिट कार्डावर साचत गेलेले देणे ही दोन्ही अखेर कर्जेच असली, तरी मध्यमवर्गीय गृहस्थाच्या मनात त्यांचे स्थान सारखे नसते. पहिले कर्ज तो घरात विचारविनिमय करून, चार ठिकाणी व्याजाचा दर विचारून, पगाराच्या पावत्या आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे जोडून काढतो. गाडी दारात आली की तिला हार घालतो, शेजारीपाजारी पेढे वाटतो, आणि पुढली पाच-सात वर्षे दरमहाचा हप्ता चुकू नये म्हणून इतर खर्चाला कात्री लावतो. दुसरे कर्ज त्याने काढलेले नसते. ते होत गेलेले असते. कार्ड बहुधा त्याच बँकेने, मोटारीचे कर्ज मंजूर झाल्यावर, विश्वासू ग्राहक म्हणून देऊ केलेले असते, आणि त्यावर कधी विमानाची तिकिटे, कधी रुग्णालयाचे बिल, कधी मुलाच्या शिकवणीचे शुल्क असे काहीबाही चढत जाऊन एक दिवस ती रक्कम अशी होऊन बसते की एका पगारात ती फिटत नाही.

या दोन देण्यांची खाती गृहस्थ मनात निरनिराळी ठेवतो, आणि त्यात त्याला दोष देण्याजोगे काही नाही. कारण त्यांचे करार निराळे, दर निराळे, मुदती निराळ्या, तगाद्याची भाषादेखील निराळी. परंतु बँकेच्या दफ्तरी त्याला एकच ग्राहक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाखाली त्याची बचत, त्याची मुदत ठेव, त्याची मोटार आणि त्याचे कार्ड ही सारी एकाच पानावर नांदत असतात. गृहस्थाला त्या पानाचा परिचय होतो तो पुष्कळदा मोटारीचा अखेरचा हप्ता फिटल्यावर. नाहरकत दाखला मागण्यासाठी तो शाखेत जातो, आणि तेथे त्याला सांगण्यात येते की मोटारीचे खाते निरंक आहे खरे, पण कार्डाचे अमुक हजार रुपये येणे दिसत आहे, ते भरल्यावाचून दाखला निघणार नाही. ते येणे कधीकधी खरोखरच त्याने थकवलेले असते. कधी मात्र ते सात-आठ वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या कार्डाच्या वार्षिक शुल्काचे असते, ज्यावर व्याज, विलंब-आकार आणि कर चढत जाऊन मूळ शुल्काशी त्याचे काही नातेच उरलेले नसते.

बँकेला असे करता येते काय, हा प्रश्न विचारण्यापूर्वी तारण म्हणजे काय हे थोडे पाहिले पाहिजे. सोने गहाण ठेवले तर ते धनकोच्या तिजोरीत जाते. मोटार मात्र ऋणकोच्या दारात उभी असते, तिचे पेट्रोल, तिचा विमा, तिची दुरुस्ती सारे तोच पाहतो, आणि बँकेच्या हाती राहतो तो केवळ कागदावरचा बोजा. आपल्या सहकारी बँकांच्या व्यवहारात याला नजरगहाण म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे हा बोजा नोंदणी पुस्तकात चढवला जातो. चढवताना नमुना ३४ आणि उतरवताना नमुना ३५ भरावा लागतो, आणि या दुसऱ्या नमुन्यावर ऋणकोइतकीच धनकोचीही सही लागते. ती सही होईपर्यंत गाडी विकू म्हटले तर धनकोच्या संमतीवाचून मालकी बदलत नाही, आणि अपघातात गाडी पूर्णपणे नष्ट झाली तर विम्याच्या रकमेवर पहिला हक्क ज्याचे नाव पॉलिसीवर आहे त्या बँकेचा सांगितला जातो. बँकेजवळ मोटार नसते. तिच्याजवळ सही असते, आणि सगळी शक्ती त्या सहीत आहे.

कार्डाच्या देण्यामागे असे काहीच नसते. ऋणकोची पत आणि त्याची सही एवढ्यावरच ते दिलेले असते, आणि म्हणूनच त्याचे व्याज इतके जबर असते असे बँका सांगत आल्या आहेत. हे म्हणणे तर्काला सोडून नाही. परंतु या दराचे गांभीर्य आकड्यांवाचून ध्यानात येत नाही, म्हणून एक सोपा हिशेब मांडतो. सहा लाखांचे मोटारीचे कर्ज शेकडा साडेनऊ दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर दरमहाचा हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो आणि पाच वर्षांत मिळून व्याज दीड लाखाहून थोडेसेच अधिक होते. त्याच गृहस्थाच्या कार्डावर एक लाख रुपये थकले आणि दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, असा दर असला, जो आपल्याकडे मुळीच असाधारण नाही, तर पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० रुपये, आणि कार्डाच्या व्याजावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागत असल्याने आणखी ६३० रुपये, असे एकूण ४,१३० रुपये होतात. मोटारीच्या सहा लाखांचे पहिल्या महिन्याचे व्याज ४,७५० रुपये आहे. म्हणजे सहा पट कर्जाचे व्याज आणि एक पट कर्जाचे व्याज जवळजवळ शेजारी येऊन बसतात. या लाखावर त्याने किमान रक्कम म्हणून पाच हजार भरले, तर मुद्दलात वळते होतात ते अवघे ८७० रुपये. आणि जोवर जुनी बाकी शिल्लक आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसांची सवलतही मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोटारीच्या कर्जाचा छापील करारनामा, जो बारीक अक्षरांत चाळीसेक पानांचा असतो आणि ज्यावर विक्रेत्याच्या दुकानातच, गाडीचा रंग ठरवता ठरवता, पेन्सिलीच्या फुल्यांवर सह्या केल्या जातात, त्यात बहुधा एक कलम असे असते की या कर्जासाठी दिलेले तारण हे ऋणकोने याच बँकेला आज देणे असलेल्या वा पुढे देणे होणाऱ्या अन्य सर्व रकमांसाठीही तारण समजले जाईल. त्याच्या जोडीला दुसरे कलम असते, की बँकेच्या कोणत्याही एका कर्जात कसूर झाली तर ती सर्व कर्जांत झाली असे मानून संपूर्ण रक्कम एकदम मागण्याचा अधिकार बँकेला राहील. या दोन कलमांनी जे काम होते ते इतके निःशब्द असते की ऋणकोला त्याची चाहूल लागत नाही: ज्या कार्डाला तारण नव्हते त्याला मोटार तारण होते.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. धनको तारणावाचून पैसे देतो तेव्हा तो बुडण्याचा धोका पत्करतो आणि त्या धोक्याचे मोल म्हणून बेचाळीस टक्के घेतो, हे मान्य करता येईल. पण वसुलीच्या वेळी जर तो मोटारीच्या कागदावर हात ठेवणार असेल, तर जो धोका त्याने पुरता पत्करलाच नव्हता त्याचे मोल त्याने इतकी वर्षे घेतले असे होते. तारणी कर्जाची सुरक्षितता आणि बिनतारणी कर्जाचा दर या दोहोंचा लाभ एकाच रुपयावर घेणे हा व्यवहार कायदेशीर असू शकेल. त्याला न्याय्य म्हणणे मला जड जाते.

कायदा काय म्हणतो हेही आपल्या समजुतीपेक्षा काहीसे निराळे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७१ बँकांना सर्वसाधारण धारणाधिकार देते. म्हणजे ग्राहकाच्या खात्याची एकंदर बाकी वसूल होईपर्यंत त्याने सोपवलेला माल अडकवून ठेवण्याची मुभा देते. पण ते कलम सोपवलेल्या मालाविषयी बोलते, आणि मोटार तर बँकेला सोपवलेलीच नसते. त्याच कायद्याचे कलम १७४ गहाणदाराला सांगते की ज्या कर्जासाठी वस्तू गहाण आहे त्याहून अन्य कर्जासाठी, तसा करार नसेल तर, ती अडकवता येणार नाही. मात्र पुढे त्याच धनकोने आणखी उचल दिली असेल तर असा करार गृहीत धरला जाईल. यावरून एवढे तरी दिसते की मोटारीच्या बाबतीत बँकेची भिस्त कायद्यावर फारशी नसून त्या छापील कलमावर आहे. कलम नसेल, किंवा ते केवळ या कर्जापुरते बोलत असेल, तर दाखला अडवण्याचा पाया बराच ढासळतो.

कलम असले तरी बँकेला मौन पाळून दाखला दाबून ठेवता येऊ नये, याची तरतूद रिझर्व्ह बँकेने मे २००३ मध्ये घालून दिलेल्या धनकोंच्या न्याय्य आचारसंहितेत केली. कर्ज फिटताच तारण मोकळे करावे. अन्य येण्यापोटी ते राखून ठेवण्याचा वाजवी हक्क बजावायचा असेल तर ऋणकोला तशी नोटीस द्यावी, उरलेल्या येण्याचा संपूर्ण तपशील द्यावा, आणि कोणत्या दस्तऐवजाच्या आधारे तारण राखले जात आहे तेही सांगावे, असे तीत म्हटले आहे. शाखेतल्या खिडकीपलीकडून तोंडी ऐकवलेले ‘सिस्टिममध्ये बाकी दिसते’ हे वाक्य या तीन अटींपैकी एकीचीही पूर्तता करीत नाही. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक पाऊल टाकले: वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करावीत व नोंदलेला बोजा उतरवावा, आणि विलंबाला धनको कारणीभूत असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू केला. तेव्हा ज्याला दाखला नाकारला जातो त्याने वाद घालण्यात शक्ती न दवडता नकार लेखी मागावा, त्यात कलमाचा क्रमांक आणि कार्डाच्या देण्याचा महिनावार हिशेब मागावा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. जुन्या कार्डाच्या बाबतीत मुदतीच्या कायद्याचाही विचार करावा. तीन वर्षे लोटून दाव्याची मुदत टळली असेल तर बँकेला न्यायालयातून ते येणे वसूल करता येत नाही. पण मुदत टळल्याने देणे नाहीसे होत नाही, केवळ दाव्याचा मार्ग बंद होतो. नेमक्या अशाच वेळी मोटारीची सही हा मागचा दरवाजा धनकोला उपयोगी पडतो.

एकाच धनकोची अनेक देणी असताना भरलेला पैसा कोणत्या देण्यात जमा व्हावा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर दीडशे वर्षांपासून कायद्यात लिहिलेले असूनही फार थोड्यांना ठाऊक असते. करार कायद्याचे कलम ५९ सांगते की ऋणकोने पैसे देताना ते अमुक देण्यापोटी आहेत असे स्पष्ट कळवले, किंवा परिस्थितीवरून तसे उघड दिसत असले, तर स्वीकारलेली रक्कम त्याच देण्यात वळती केली पाहिजे. कलम ६० सांगते की ऋणको गप्प राहिला तर निवड धनकोची, आणि ती निवड मुदतबाह्य झालेल्या देण्याच्या बाजूनेही करता येते. दोघेही गप्प राहिले तर कलम ६१ प्रमाणे काळाच्या क्रमाने जुने देणे आधी फिटते. ज्याला मोटार वाचवायची आहे त्याने हप्त्याची नेमकी रक्कम, नेमक्या तारखेस, कर्जखात्याचा क्रमांक घालून भरावी, आणि ‘ही रक्कम वाहनकर्जाच्या हप्त्यापोटी’ अशी एक ओळ लिहून तिची पोच ठेवावी. ही एक ओळ पुष्कळ वकिली खर्च वाचवते.

बचत खात्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. कर्ज आणि ठेव एकाच बँकेत, एकाच माणसाच्या नावावर, एकाच नात्याने असतील, तर ठेवीतून येणे वळते करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. पगार जमा होतो तेच खाते असेल तर कार्डाच्या थकबाकीपोटी त्यावर रोख लावली गेली की घरातला किराणा अडतो. मात्र पत्नीसह असलेल्या संयुक्त खात्यातले किंवा अज्ञान मुलाच्या नावे पालक म्हणून ठेवलेले पैसे एकट्या पतीच्या कार्डापोटी वळवणे या तत्त्वात बसत नाही, कारण तेथे देणेकरी आणि ठेवीदार एकच व्यक्ती, एकाच नात्याने, राहत नाही. हे बँकेच्या लक्षात आणून द्यावे लागते. आपणहून ते फारसे कोणी आठवत नाही.

बँक दोन कर्जे एकत्र पाहते याचे एक कारण मात्र तिच्या हाती नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अनुत्पादक कर्जाचे वर्गीकरण खात्यावरून न करता ऋणकोवरून करावे लागते. कार्डाची किमान रक्कम बिलावरील देय तारखेपासून नव्वद दिवसांत पूर्ण भरली गेली नाही, तर ते खाते अनुत्पादक होते. आणि त्या बँकेतले त्याचे मोटारीचे कर्ज, ज्याचा एकही हप्ता चुकलेला नाही, तेही त्याच वर्गात जाते, आणि सर्व खात्यांची सर्व थकबाकी भरल्यावाचून वर येत नाही. तेच कार्ड दुसऱ्या बँकेचे असते तर मोटारीच्या खात्याला हा स्पर्श झाला नसता. पतमाहिती संस्थांच्या नोंदीत डाग पडलाच असता, पण गाडीच्या करारातली कलमे झोपलेलीच राहिली असती.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत सभासदांच्या मालकीच्या ज्या पतसंस्था आहेत, त्यांच्या मोटारकर्जाच्या करारांत अन्य सर्व देण्यांना तेच तारण जोडणारे कलम सर्रास आढळते. त्या देशातील एक जुना खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे. वॉशिंग्टन शहरातील वॉकर-थॉमस फर्निचर कंपनी हप्त्याने सामान विकत असे, आणि तिच्या करारानुसार ग्राहकाने भरलेला प्रत्येक डॉलर त्याच्या आजवरच्या सर्व खरेदीत प्रमाणशीर वाटला जाई, ज्यामुळे सर्व वस्तू फिटेपर्यंत एकही वस्तू पूर्णपणे फिटत नसे. सरकारी साहाय्याच्या महिना २१८ डॉलरांवर सात मुलांना वाढवणाऱ्या एका बाईने १९५७ पासून घेतलेल्या सामानाचे देणे १६४ डॉलरांवर आणले होते. १९६२ मध्ये तिने ५१४ डॉलरांचा स्टिरिओ घेतला, तिचे हप्ते चुकले, आणि कंपनीने आजवरचे सारेच सामान परत मागितले. १९६५ मध्ये न्यायमूर्ती स्केली राइट यांनी असे ठरवले की ज्या करारात एका पक्षाला अर्थपूर्ण निवडच नव्हती आणि ज्याच्या अटी दुसऱ्याच्या बाजूला अवाजवीपणे झुकल्या आहेत, तो अमलात आणण्यास न्यायालय नकार देऊ शकते, आणि त्या दृष्टीने तपासणीसाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले. पुढे १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून कार्ड देणाऱ्या बँकेला कार्डाचे येणे ग्राहकाच्या ठेवीतून परस्पर वळते करण्यास मनाई केली. ग्राहकाने स्वतः लेखी संमतीने तारण दिले असेल तर ही मनाई लागू होत नाही, आणि पतसंस्था नेमका याच फटीचा उपयोग करतात. तरीही नियमाची दिशा ऋणकोच्या बाजूची आहे. आपल्याकडे असा सरसकट निषेध नाही.

महाराष्ट्रातल्या पगारदारांच्या पतपेढ्यांची रचनाही याच घाटाची आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम ४६ सभासदाच्या भागावर आणि ठेवीवर संस्थेचा बोजा निर्माण करते, आणि कलम ४९ प्रमाणे सभासदाच्या संमतीने त्याच्या पगारातूनच वसुली होते. पण पतपेढीच्या सभासदाला आपले भाग, आपली ठेव आणि आपले कर्ज एकमेकांत गुंतलेले आहेत हे पहिल्या दिवसापासून माहीत असते, व्याजाचे दर वार्षिक सभेत ठरतात, आणि नफ्याचा वाटा लाभांशरूपाने त्याच्याकडेच परत येतो. तेथे गुंता आहे, पण तो उघड्यावर आहे.

व्याजाला मर्यादा असावी ही कल्पना या प्रांताला नवी नाही. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये हा दामदुपटीचा नियम येथील न्यायालये मानीत आली. सुप्याच्या बाजारात मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या, त्यानंतर चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. बँकांच्या बाबतीत मात्र बँकिंग नियमन कायद्यात १९८४ साली घातलेले कलम २१-अ न्यायालयांना, दर अवाजवी आहे या कारणावरून व्यवहार उकरून काढण्यास मनाई करते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे दराविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग आज फारसा मोकळा नाही, आणि उरतो तो तारणाचा प्रश्न.

पगाराचे खाते, कार्ड आणि मोटारीचे कर्ज एकाच बँकेत ठेवल्याबद्दल व्याजात पाव टक्का सूट देऊ केली जाते, तिचे मोल काढणे अवघड नाही. वरच्याच उदाहरणात साडेनऊचे सव्वानऊ झाले तर हप्ता ७३ रुपयांनी कमी होतो. पाच वर्षांत मिळून सुमारे ४,४०० रुपये. कार्डाचे बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्याने ती सूट अवश्य घ्यावी. ज्याच्या कार्डावर बाकी राहते त्याने मोटारीसाठी दुसरी बँक पाहावी असे मला वाटते. आणि ज्याची दोन्ही कर्जे आधीच एके ठिकाणी आहेत, त्याने अखेरच्या हप्त्यापूर्वी सहा महिने तरी कार्डाचा निकाल लावावा: बाकी भरून, कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा. बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे, न केल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा २०२२ पासूनचा नियम आहे. बंद केल्याचे पत्र आणि बेबाकी दाखला हाती आल्यावर मगच मोटारीचा शेवटचा धनादेश लिहावा, आणि नमुना ३५ त्याच वेळी मागावा.